कापशीला न सांगितलेलं

तुळशीची लग्नं लागली की मनोरीत दोन गोष्टी सुरू होतात. वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, बोंबील वाळायला पडतात आणि किनाऱ्यालगतच्या रिसॉर्टांमध्ये माणसांची लग्नं लागायला लागतात. बोंबलांच्या वासाची सवय होते. मला तर आता तो वास नसला की चुकल्यासारखं वाटतं. बँडची मात्र सवय होत नाही. काल संध्याकाळी या हंगामातला पहिला बँड वाजला. मी ओट्यावर मेथी निवडत बसले होते आणि मागच्या वाडीत घोडी उभी होती. ताशा कडाडला तसे तिचे कान ताठ झाले. मग उजवा पाय, मग डावा, पुन्हा उजवा. जागच्या जागी, अगदी हलकेच. म्हातारी झालीय, गुडघे धरलेत, तरी पाय उचलतेच. मी मेथी तशीच टाकून उठले, तिचा दोर सोडला आणि बँड ऐकू येईनासा होईपर्यंत तिला गोराईच्या बाजूला चालवत नेलं. गेल्या हिवाळ्यात असंच करत होते. फक्त तेव्हा परत येऊन एका माणसाला फोन करून सांगता यायचं, की बाबा रे, आज बँड होता, मी लांब घेऊन गेले होते तिला.

तिचं नाव कापशी. हे मला लिहिता येतं, कारण लिहिलेलं तिला ऐकू येत नाही. तोंडाने मी तिला 'बाय' म्हणते, इथे लाडक्या पोरीला म्हणतात तसं. आणि ती माझी नाही, उसनी आहे. लोक वाटीभर साखर उसनी आणतात, शिडी आणतात, पाहुणे आले तर गाद्या आणतात. मी घोडी आणली. आमच्या जुन्या ऑफिसातल्या बायकांना हे कळलं तेव्हा हसून हसून त्यांची वाट लागली. "वैजू, आयुष्यभर नवरदेव आला नाही, घोडी तेवढी आली ना शेवटी!" मीही हसले. विनोद चांगला होता, आणि त्या वेळी हसण्यासारखं फारसं काही नव्हतं.

घोडी मिलिंदची. मिलिंद आणि मी मुलुंडच्या एका सरकारी ऑफिसात समोरासमोरच्या टेबलांवर बसून निम्मं आयुष्य काढलं. मी त्याच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी संपवायचे, तो माझ्या डब्यातलं वालाचं बिरडं. पंखा किती वर ठेवायचा यावरून आम्ही इतकं भांडलो आहोत, की पंख्याखालची तिसरी टेबलवाली बदली मागून गेली. आमच्यात तसलं काही नव्हतं. हे मुद्दाम सांगावं लागतं याचाच मला राग येतो, पण सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव भांड्यात पडेल. रोज जो माणूस समोर दिसतो त्याच्याशी आपलं काय नातं आहे असा प्रश्न पडत नाही. तो दिसायचा बंद झाला की पडतो.

आठवडाभर तो कारकून असायचा आणि लग्नसराईत रविवारी घोडीवाला. भांडुपच्या टेकडीखाली त्याचं घर, घराला लागून पत्र्याची छपरी आणि छपरीत कापशी. हे त्याच्या वडिलांपासूनचं. आप्पांचं लग्न मराठवाड्यातल्या त्यांच्या गावी झालं तेव्हा त्यांनी घोडीवरून जायचं ठरवलं होतं, तर गावातली वरची माणसं काठ्या घेऊन वेशीत येऊन उभी राहिली. आप्पा पायी गेले. पुढे मुंबईत आले, गोदीत ओझी वाहिली, आणि हातात चार पैसे आल्यावर त्यांनी घर पक्कं करायच्या आधी घोडी घेतली. आपल्या वस्तीतलं एकही पोरगं लग्नाला पायी जाणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते त्यांनी पाळलं. जयंतीच्या मिरवणुकीत त्यांचीच घोडी पुढे असायची. मिलिंद हे सांगायचा तेव्हा आवाज चढवायचा नाही. डबा खाता खाता सांगायचा आणि मग विचारायचा, बिरडं अजून आहे का गं?

कापशीला मात्र त्याने स्वतःच वरातीतून काढलं होतं. डीजे आले, भिंतीएवढे स्पीकर आले, घोडीच्या कानाशी फटाके फुटायला लागले. एकदा ती भर रस्त्यात थरथरत खाली बसली. नवरदेव घसरून पडला, लोक हसले, आणि मिलिंदने तिथल्या तिथे तिच्या डोक्यावरचा तुरा काढून खिशात घातला. तेव्हापासून ती नुसती छपरीत उभी असायची आणि हा ऑफिसातून जाऊन रोज तिला खरारा करायचा. खरारा म्हणजे घोड्याचं अंग घासायचा ब्रश, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटायचं, ही एखादी पंजाबी भाजी असेल.

मी नोकरी संपल्यावर घाटकोपरचा फ्लॅट भाचीला राहायला दिला आणि मनोरीत हे दोन खोल्यांचं, मागे वाडी असलेलं घर भाड्याने घेतलं. मिलिंद एकदा आला, वाडी बघितली, नारळ मोजल्यासारखं वर बघत फिरला आणि निघून गेला. त्याला तेव्हाच कळलेलं होतं, आपल्या पोटात कसली गाठ आहे ते. मला नंतर कळलं. पुन्हा आला तेव्हा शर्ट अंगावर लोंबत होता. चहा प्यायला आणि म्हणाला, "वैजू, एक सीझन घोडी ठेवतेस?"

"कोणाची?"

"माझीच. मी काय घोड्यांचा दलाल आहे?"

"अरे, मला मांजर नाही सांभाळता आलं कधी."

"मांजर अवघड असतं. घोडी सोपी."

मी म्हटलं, एखाद्या चांगल्या माणसाला विकून का टाकत नाहीस? तर म्हणाला, विकली की तिला चौपाटीवर पर्यटक पाठीवर घेऊन पळवतील, नाहीतर पुन्हा डीजेपुढे उभी करतील. मुलगा पुण्याला, त्याला घोडीत रस नाही. रंजनाचे, म्हणजे बायकोचे, हात दवाखान्यात अडकलेले. "आणि आमच्या घरात घोडी फुकट देत नाहीत कोणाला. उसनी देतात."

"परत कधी नेणार?"

त्याने रिकामा कप पुढे सरकवला. "ते तू विचारू नकोस ना, यार."

मग त्याने मला काय काय करायचं ते सांगितलं. भिजवलेले हरभरे आणि कोंडा केव्हा, हिरवं गवत केव्हा, खुरात अडकलेले खडे कसे काढायचे. पाठीवर कोणी बसायचं नाही, लहान मूलसुद्धा नाही. आयाळ कापायची नाही. बँड वाजला तर लांब न्यायची. हे सगळं मी मान डोलवत ऐकत होते. नंतर त्याने जे सांगितलं ते ऐकून मी मान डोलवायची थांबले. तो म्हणाला, तिला माझा विसर पडला पाहिजे. तिच्यासमोर माझं नाव घ्यायचं नाही. तिला कापशी म्हणायचं नाही, दुसरं काहीतरी म्हण. तिची जुनी झूल मी देणार नाही, तिच्यात माझा वास आहे. मी फोन केला तर वाडीत उभं राहून बोलायचं नाही. मी बरा असो की नसो, तिला माझ्याकडे आणायचं नाही.

मला संताप आला. "तिला काय हवंय ते विचारलंस तिला? तू कोण ठरवणार तिनं काय विसरायचं?"

"मालक," तो म्हणाला.

मग त्याने हरणीची गोष्ट सांगितली. हरणी म्हणजे आप्पांची शेवटची घोडी. आप्पा गेले त्या दिवशी कोणीतरी भावनेच्या भरात तिला सोडून दारात आणली, की बघू दे शेवटचं. तिने बघितलं. हुंगलं. माणसं त्यांना उचलून घेऊन गेली आणि हरणी त्या जागेवरून हलायला तयार होईना. छपरीत बांधली तर दाराकडे तोंड करून उभी राहायची. चारा तोंडात धरायची आणि तसाच खाली पडू द्यायची. मिलिंद तेव्हा विशीत होता. त्याने तिच्या तोंडाला गूळ लावून बघितला, आप्पांचा सदरा घालून बघितलं. पुण्यानुमोदनाला, म्हणजे आप्पांच्या दुखवट्याच्या विधीला, जमलेल्या माणसांना दारातून आत यायला वाट नव्हती, कारण दारात हरणी उभी होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती तिथेच बसली आणि उठली नाही. "सदरा घालायला नको होता मी," मिलिंद म्हणाला. "तो वास होता म्हणून ती थांबली. माणूस रडून मोकळा होतो गं. तिला कोण सांगणार, की आता पुरे?"

घोडी ठेवते म्हटलं.

त्यांच्या घरात घोडी उसनी द्यायची एक रीत होती. दोर हातातून हातात द्यायचा नाही. दिला की जनावराला कळतं, आपल्याला देऊन टाकलं. टेम्पो भाईंदर-उत्तनवरून फिरून आला, मिलिंदने कापशीला उतरवलं, माझ्या वाडीतल्या बदामाच्या झाडाला स्वतः बांधलं. तिला बादलीतून पाणी पाजलं. मला वाटलं, आता मानेवर हात फिरवेल, काहीतरी बोलेल. त्याने बादली पालथी घातली, हात पँटला पुसले आणि निघाला. मी घरातच थांबायचं होतं, टेम्पोचा आवाज पूर्ण विरेपर्यंत. मग बाहेर यायचं, जणू मला झाडाला बांधलेली घोडी सापडली, आणि दोर सोडायचा. मी खिडकीच्या गजांतून बघत होते. तो फाटकापर्यंत सरळ गेला, मागे वळला नाही. कापशी त्याच्याकडे बघत होती. टेम्पो सुरू झाला तसा तिने एक पाय आपटला. तो टेम्पोत पुढे बसला होता आणि त्याचा चेहरा मला दिसला. त्या चेहऱ्याचा विषय मी कधी त्याच्यापाशी काढला नाही, इथेही त्याचं वर्णन करत नाही.

सुरुवातीचे दिवस वाईट होते. रस्त्यावर टेम्पो वाजला की ती फाटकापाशी जाऊन उभी राहायची. मी 'बाय, बाय' करत हरभऱ्याची पाटी घेऊन मागे उभी. शेजारचा पास्कू कुंपणावरून मजा बघायचा. "काय गं वैजू, घोडी सांभाळतेस का सासू?" पण गवत तोच आणून टाकायचा, आणि तिचे पाय धरून खूर कसे साफ करायचे ते त्याच्या बायकोने मला करून दाखवलं, कारण लहानपणी त्यांच्या घरी बैल होते. मी शिकले. सकाळी अंगावर गोधडी घेऊन वाडीत जायचं, तिच्या नाकपुड्यांतून निघणारी वाफ हातावर घ्यायची. भिजलेल्या हरभऱ्याचा वास, ओल्या लिदीचा वास, मध्येच वाऱ्याबरोबर येणारा बोंबलांचा. चर्चवर नाताळचे तारे लागले ते मी तिच्या पाठीवरून बघितले, म्हणजे तिच्या पलीकडे उभी राहून. दुपारनंतर तिला किनाऱ्यावर फिरवायचे. ओल्या वाळूवर चालायला तिच्या गुडघ्यांना बरं पडायचं. वाटेत रिसॉर्टचा मॅनेजर भेटायचा, मॅडम, एकदा फक्त फोटोपुरती, नवरा बसणार पण नाही, नुसता बाजूला उभा राहील. मी नाही म्हणायचे. "अहो, तुमची घोडी आहे ना?" मी म्हणायचे, माझी असती तर विचार केला असता.

एखाद्याला कोणाचा विसर पाडायचा म्हणजे काय करायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. काहीच करायचं नसतं, असं हळूहळू लक्षात आलं. फक्त रोज त्याच वेळी यायचं, तोच हात पुढे करायचा. विसर आपोआप पडतो. माणसांनाही असाच पाडत असतील बहुतेक, आपल्याला कळत नाही इतकंच. मिलिंदचा फोन आला की मी चपला घालून धक्क्यापर्यंत जायचे आणि मार्व्याची फेरीबोट येते-जाते ती बघत बोलायचे. खाते का? खाते. लीद नीट? नीट. रस्त्याकडे बघते का गं? मी खरं सांगायचे, कारण त्याने तशी तंबीच दिली होती. बघते. आज जरा कमी बघितलं. एक दिवस मी अगदी उत्साहाने सांगितलं, "अरे, आज टेम्पो आला ना दारात, तिने मान वरसुद्धा केली नाही. खात होती." पलीकडून काहीच आवाज येईना. मला वाटलं, रेंज गेली. मग तो म्हणाला, "झकास." आणि मग, "ठेवतो गं, झोप येतेय जरा." दुपारचे बारा वाजले होते.

मकरसंक्रांत झाली आणि रंजनाचा फोन आला. ती माझ्याशी फारसं बोलायची नाही, कामापुरतं. त्या दिवशी म्हणाली, "वैजूताई, एकदा आणा ना तिला. ते म्हणत नाहीत, पण रिकाम्या छपरीकडे तोंड करून झोपतात. मी कूस बदलून दिली तर परत फिरतात. आता काय राहिलंय? नाही म्हणाले होते ते तेव्हा म्हणाले होते." ती रडत नव्हती. रडत असती तर मला सोपं गेलं असतं. मी म्हटलं, मी येते, त्याच्याशीच बोलते. दुसऱ्या दिवशी भांडुपला गेले. तो कॉटवर होता, हात काटक्या झाले होते. मी सरळच विचारलं, "आणू का तिला?"

"वेड लागलंय का तुला?"

"रंजनाला वाटतं, तुला बघायचंय."

"मला बघायचंय," तो म्हणाला. "तिने मला बघायचं नाही." मग छताकडे बघून म्हणाला, "दुपारनंतर वारा कुठून येतो तुमच्याकडे?"

समुद्राकडून, मी म्हटलं. गावाच्या दिशेने.

तो आला. डॉक्टर नको म्हणत होते, पण त्या वेळी डॉक्टरांच्या नको म्हणण्यातही फार जोर उरला नव्हता. रंजनाने आणि टॅक्सीवाल्याने त्याला मार्व्याला फेरीत बसवलं, इकडे पास्कूने रिक्षा आणून ठेवली होती. ठरलं होतं ते असं, की रिक्षा सुरूच्या झाडांत उभी राहील, बाजूचा पडदा खाली. पडद्याला फट असतेच. कापशी आणि मी पाण्याच्या कडेने रोजच्यासारख्या जाऊ. वारा आमच्याकडून त्याच्याकडे वाहील, म्हणजे तिचा वास त्याला येईल, त्याचा तिला नाही. हे सगळं त्याने झोपल्या झोपल्या ठरवलं होतं. ऑफिसातही तो असाच होता, काम कमी असलं तर जास्त नीट करायचा.

मी तिला घेऊन निघाले. रिक्षाकडे बघायचं नाही असं मी मनाशी बजावलं होतं, त्यामुळे मान अवघडली. भरती ओसरत होती. कापशीने वाटेत थांबून वाळलेल्या शेवाळाचा वास घेतला, तोंड फिरवलं, पुढे चालायला लागली. सुरूची झाडं आली. ती थांबली. तिने शेपूट वर केली, निवांतपणे लीद टाकली आणि चालायला लागली. झाडं मागे गेली. मी तिला घरी आणून बांधलं, पाणी दाखवलं आणि मग मागच्या वाटेने पळत रिक्षाकडे गेले.

मिलिंद हसत होता. "माझ्यासमोर लीद टाकून गेली की गं!" हसताना त्याला धाप लागत होती. "आयाळ छान ठेवलीयस. पोट पण सुटलंय, हरभरे कमी कर." मग म्हणाला, "ओळखलं नाही ना तिनं?"

"वारा उलटा होता रे. वासच नाही आला तिला."

"वास नाही. पण डोळे आहेत ना."

तेव्हा मी बघितलं. रिक्षाचा पडदा खाली नव्हता. गुंडाळून वर अडकवलेला होता. मी रंजनाकडे बघितलं, तर ती समुद्राकडे बघत होती.

"मीच वर केला," मिलिंद म्हणाला. "राहवलं नाही. ती थांबली ना, तेव्हा केला." घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्याला मान न वळवताही कडेचं दिसतं, हे मला त्यानेच शिकवलं होतं. त्याने माझा हात धरला. आमच्या एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "नीट केलंस, वैजू. सांगितलं तस्संच केलंस," तो म्हणाला, आणि गळ्यातला पंचा तोंडावर ओढून रडला. मोठ्याने, लाज न धरता. मी आयुष्यात कोणाचं काम इतकं चोख केलं नव्हतं आणि इतकी वाईट कधी वागले नव्हते, असं मला तेव्हा वाटलं. अजूनही कधी कधी वाटतं.

सुरूच्या झाडांपाशी ती थांबली त्या क्षणी दोराला किंचित ओढ लागली होती का, यावर मी तेव्हापासून विचार करते आहे. कधी वाटतं लागली होती. कधी वाटतं, ती माझ्याच हाताची होती. तिने ओळखलं नाही हे बरं, की ओळखून ती चालत राहिली हे बरं, हेही मला ठरवता येत नाही. त्याला मात्र मी ओढीबद्दल काही बोलले नाही. खात्री नव्हती, आणि खात्री नसलेलं खरं कसं सांगायचं?

तो माघात गेला. सकाळी रंजनाचा फोन आला आणि लगेच वस्तीतल्या एकाचा. अंत्ययात्रेत पुढे घोडी पाहिजे, त्यांच्या आप्पांची परंपरा आहे, टेम्पो पाठवतो. मी धक्क्यावर उभी होते. नाही म्हटलं. तो माणूस चिडला, त्याचं चिडणं चुकीचं नव्हतं. "तुम्ही कोण नाही म्हणणाऱ्या?"

"मी उसनी घेतलीय ती. मालकाने नको सांगितलंय."

"मालक गेला, बाई."

"म्हणूनच," मी म्हटलं.

एकटीच गेले. वस्तीतले लोक माझ्याशी बोलले नाहीत. परत आले तेव्हा वाडीत जायच्या आधी डोक्यावरून आंघोळ केली, साडी भिजत घातली. सुतक म्हणून नाही, त्या घराचा वास अंगावर नको म्हणून. मग हरभरे घेऊन बाहेर गेले. ती रोजच्यासारखी पाटीकडे आली आणि पोटभर खाल्लं. मी तिथे उभी राहून तिला खाताना बघितलं. त्याला हेच हवं होतं.

काही दिवसांनी रंजना आली. वाडीच्या दारापर्यंत आली, आत आली नाही. तिच्याही अंगाला त्या घराचा वास होता, हे तिला कळत होतं. लांबूनच बघितलं आणि म्हणाली, "राहू दे तिला तुमच्याकडेच."

"उसनीच?" मी विचारलं.

"उसनीच."

परत कोणाला करायची, हे आम्ही दोघींनीही विचारलं नाही. मी तिला चहा दिला. ती त्याच्या पेजेबद्दल, गोळ्यांबद्दल, त्याला शेवटी शेवटी काय काय भास व्हायचे त्याबद्दल बोलत राहिली, आणि मी ऐकत राहिले. बायको ती होती. मी समोरच्या टेबलावरची. रंजनाच्या दुःखात आपला वाटा मागायला मला तोंड नव्हतं. ऑफिसातल्या बायका भेटल्या, दोन वाक्यं हळहळल्या, पेन्शनवर आल्या. भाचीला तो नीटसा आठवतही नाही. मिलिंदचं न दिसणं माझ्याइतकं रोजचं आणखी कोणाला झालं असेल, तर ते या वाडीत, बदामाच्या झाडाखाली उभं आहे. आणि तिच्यापाशीच बोलायची मला बंदी. ही बंदी किती दिवसांची ते त्याने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. बरं होऊन तो स्वतःच येऊन उठवेल, असं कुठेतरी वाटत असणार मला.

काल गोराईच्या वाटेवरून परतलो तेव्हा बँड थांबला होता. दिवेलागणीची वेळ. मी तिला पाणी दाखवलं, खुरातली वाळू काढली, खरारा करायला लागले. पाठ, मग पोट, मग मानेपाशी. तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं, पूर्ण भार टाकून, जसं आपल्या माणसावर टाकतात. आणि मला इतकं भरून आलं, की आता हिला सांगून टाकावं, सगळं एकदाच सांगून टाकावं, म्हणजे निदान आम्ही दोघी मिळून रडू. हुंदका फुटला तसे तिचे कान माझ्याकडे वळले. मी खरारा खाली ठेवला. तिचं डोकं हाताने हळूच बाजूला केलं. घरात गेले, दार लावून घेतलं, मोरीतला नळ मोठा सोडला, आणि मग त्याचं नाव घेतलं.